दारूगोळा: आधी कोठार भरायचं की कारखान्याची लाइन चालू ठेवायची?

देवळाली_कॅम्प: लष्कराकडे ४० दिवसांच्या तुंबळ लढाईपुरता दारूगोळा हवा असा दंडक होता. कॅगच्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये ५५ टक्के प्रकार २० दिवसांच्या किमान पातळीखाली होते. म्हणून म्हणतो, आधी कोठार भरा. हिशेब मांडा: १५५ मिमीचा गोळा सुमारे ४३ किलो. १८ तोफांच्या रेजिमेंटने तोफेमागे दिवसाला १०० डागले तर १,८०० गोळे, म्हणजे ७७ टन. नुसत्या गोळ्यांनाच पाच टनी १६ ट्रक. चार्ज (गोळा ढकलणारी दारू), फ्यूज (गोळा फोडणारी कळ), पेट्या वेगळ्या. हे सगळं लढाई पेटल्यावर बनवणार कधी आणि पोचवणार कधी?

अंबड_लेथ: कोठार भरलं की ऑर्डर संपते, लाइन बंद पडते, कारागीर पांगतात. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका महिन्याला जेमतेम १४,००० गोळे काढत होती. युरोपियन युनियनने युक्रेनला मार्च २०२४ पर्यंत १० लाख देऊ म्हटलं, तोवर गेले निम्म्याच्या आसपास. पैसा होता, चालू लाइन नव्हती. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या सीएनसींना, म्हणजे संगणकी लेथना, दर महिन्याला थोडं थोडं काम द्या, वेळ आली की तिसरी शिफ्ट लावू.

भट्टी_ते_बॅरल: अंबडभाऊ, लेथवर अडतंच कुठे? आधी बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, लाल तापवून प्रेसखाली भोसकायचं, ओढून लांब करायचं, मग तोंड आवळायचं. असा प्रेस मागवून बसवेपर्यंत लढाई निघून जाते. आणि खरी मेख स्फोटकाच्या भराईत आहे. टीएनटी हे स्फोटक ८० अंशांना वितळतं, गोळ्यात ओतलं की थिजताना आकसतं. घाईने थंड केलं तर आत पोकळी राहते. तोफ सुटली की त्या झटक्याने टीएनटी पोकळीत दबतं आणि गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून तर एक्स-रे काढतात. शिफ्टा वाढवा हवं तर, थिजायचा वेळ तेवढाच लागणार.

अंबड_लेथ: भराई मागतोय कोण? एमआयडीसीत ती कुणी देऊही नये. बाहेरचं टर्निंग आणि तांब्याच्या पट्ट्याची खाच, एवढं तर द्या! पट्टा सैल बसला की गोळ्याला नीट फिरकी मिळत नाही, हे गेज लावून माप तपासणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

खानदेशी_सरकी: दोघेही चार्ज विसरलात. गोळा इथे बनला तरी त्याला ढकलणारे चार्ज बिहारमधल्या नालंद्याच्या कारखान्यातून येतात, आणि त्यातलं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे जळणारा मुख्य घटक, कापसाचं. सरकीला चिकटलेली आखूड लव, म्हणजे लिंटर, हा त्याचा कच्चा माल. त्यासाठी युरोप चीनच्या तोंडाकडे बघतो, आपल्याकडे खानदेशात सरकी गिरणीत जाते. देवळालीकर, कोठार म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे. चार्ज आपोआप बिघडू नये म्हणून घातलेलं स्टॅबिलायझर हळूहळू खर्च होतं, उन्हाळ्यात जास्तच. ते संपलेला चार्ज ठेवणं म्हणजे आपल्याच कोठाराला आग लावणं.

देवळाली_कॅम्प: चार्जचं पटलं. मग जुना लॉट आधी सरावाला काढा आणि जेवढा उडेल तेवढाच नवा त्याच महिन्यात भरा. म्हणजे लाइनही चालू राहील. पण ४० चा आकडा मी सोडत नाही.

भट्टी_ते_बॅरल: सरावात उडतं ते थोडंच. तेवढ्यावर प्रेस महिन्यातून चार दिवसही चालणार नाही. उरलेल्या २६ दिवसांचा पगार कुणाच्या खात्यातून, ते आधी बोला.