मदत हवी आहे : अमेरिकेतील अल्पसंख्याकांसाठी कोविडकाळात झालेल्या सरकारी उपायांचा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार.

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी एक लघुप्रबंध लिहीत आहे. कोविडच्या साथीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी समाजांवर मृत्यूचा जो जादा भार पडला, तो हलका करण्यासाठी सरकारने योजलेल्या उपायांचा खरोखर किती उपयोग झाला, हा माझा विषय आहे. उपायांची जंत्री करणे अवघड गेले नाही. त्यांचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढून दाखवणे मात्र जमत नाही.

पहिली अडचण मूळ नोंदींची आहे. प्रयोगशाळांनी चाचणीच्या निकालासोबत रुग्णाचा वंशही कळवावा, असे निर्देश संघराज्य सरकारच्या आरोग्य खात्याने दिले ते जून २०२० मध्ये, म्हणजे न्यू यॉर्कमधली पहिली लाट ओसरल्यावर. पुढे लसीकरणाच्या पहिल्या महिन्यात सुमारे १ कोटी २९ लाख लोकांना लस मिळाली, पण वंशाची नोंद त्यांपैकी ५१.९ टक्के लोकांचीच उपलब्ध होती. वेगवेगळ्या वंशांमधली सुरुवातीची दरी किती होती हेच नीट ठाऊक नसेल, तर ती किती बुजली हे कशाच्या आधारे सांगावे?

दुसरी अडचण वयाची. गौरवर्णीय लोकसंख्या सरासरीने अधिक वयस्क असल्यामुळे साध्या मृत्युदरात विषमता आहे त्याहून लहान दिसते, म्हणून मी वयानुसार प्रमाणित केलेले (म्हणजे सर्व गटांची वयरचना सारखीच आहे असे धरून काढलेले) दरच घेतले आहेत. पण हेच वय लसीच्या प्राधान्यक्रमातही आडवे येते. डिसेंबर २०२० मध्ये ७५ वर्षे व त्यावरील व्यक्तींना अग्रक्रम देण्याची शिफारस झाली. २०१९ मध्ये कृष्णवर्णीयांचे सरासरी आयुर्मान ७५ च्या आसपास, तर गौरवर्णीयांचे ७९ च्या आसपास होते; म्हणजे या अग्रक्रमाचा लाभ गौरवर्णीयांनाच अधिक मिळणार होता. त्याच टप्प्यात अत्यावश्यक सेवांतील कामगारांचाही समावेश होता हे खरे, पण कनेक्टिकटसारख्या राज्याने नंतर (शिक्षक व बालसंगोपन कर्मचारी वगळता) केवळ वयाचाच निकष ठेवला.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते २०२२ पर्यंत दरी बरीच अरुंद झाली असल्याने, सामुदायिक आरोग्य केंद्रांना (मुख्यतः गरीब व वंचित रुग्णांना सेवा देणाऱ्या दवाखान्यांना) थेट लस पुरवण्याचा फेब्रुवारी २०२१ मधील कार्यक्रम यशस्वी मानायला हरकत नाही. मला हे (त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून) पटत नाही. अल्पसंख्याकांमधील मृत्यू घटले तरी दरी अरुंद होते आणि लस न घेतलेल्या गौरवर्णीयांमधील मृत्यू वाढले तरीही होते. दुसऱ्या प्रकाराचे श्रेय कोणत्याच योजनेला देता येणार नाही.

म्हणून मी कॅलिफोर्नियाकडे वळलो आहे. तेथे मार्च २०२१ मध्ये ४० टक्के लस सर्वाधिक वंचित अशा एक चतुर्थांश वस्त्यांसाठी राखून ठेवली गेली आणि वस्ती ठरवण्यासाठी वंशाऐवजी राहणीमानाचा निर्देशांक व पिनकोड वापरले गेले. या निर्देशांकाच्या सीमारेषेच्या किंचित अलीकडे व किंचित पलीकडे असलेल्या पिनकोडांची तुलना केली, तर उत्तर हाती लागेल असे वाटते. परंतु १५ एप्रिलपासून १६ वर्षे व त्यावरील सर्वांनाच लस खुली झाल्यामुळे तुलनेसाठी जेमतेम सहा आठवडे उरतात.

इतक्या अल्प अवधीत ही पद्धत टिकेल का? आणि राहत्या पिनकोडबाहेर जाऊन लस घेतलेल्यांना हिशेबात कसे धरावे? अशा प्रकारचे विश्लेषण प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.