मदत हवी आहे : ड जीवनसत्त्व पेशीपटलातील मेद थेट बदलते की कॅल्शियममार्फत?

नमस्कार. पदव्युत्तर जीवरसायनशास्त्राच्या सेमिनारची तयारी करताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. प्रश्न शरीरावरील चरबीचा नसल्यामुळे वजन आणि गोळ्यांविषयीचे सल्ले कृपया येथे नकोत.

येल विद्यापीठातील हॉवर्ड रासमुसेन यांच्या गटाने 1981 च्या सुमारास ड जीवनसत्त्वाचा अभाव असलेल्या कोंबडीच्या पिल्लांना त्याचे सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, दिले, तेव्हा आतड्याच्या पेशींत फॉस्फॅटिडिलकोलीन या पेशीपटलातील प्रमुख मेदाचे संश्लेषण वाढले आणि त्यातील मेदाम्लांची अदलाबदल होऊन असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाणही वाढले. प्रथिनसंश्लेषण रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड दिल्यावरही पिल्लांच्या आतड्यात कॅल्शियमचे ग्रहण वाढते, असे आधीच्या प्रयोगांत दिसले होते. म्हणून नव्या प्रथिनांमुळे नव्हे, तर असंपृक्त मेदाम्लांनी पटल अधिक प्रवाही झाल्यामुळेच कॅल्शियम सहज आत शिरते, अशी मांडणी या गटाने केली. मांडणी आकर्षक आहे, पण मला ती पुरती पटत नाही.

कारण कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. मेदाम्ल तोडून वेगळे करणाऱ्या फॉस्फोलिपेज ए-2 या विकराचे (एन्झाइमचे) काही प्रकार कॅल्शियमनेच सक्रिय होतात, आणि कोलीनच्या जागी सेरीन बसवून फॉस्फॅटिडिलसेरीन तयार करणाऱ्या विकरांनाही कॅल्शियम लागते. मग आधी कॅल्शियम आत आले आणि त्यामुळे मेद बदलले, असे का म्हणू नये?

दोन्ही परिणाम वेगळे करण्याचा एक मार्ग मला दिसतो. ड जीवनसत्त्वाचा ग्राही (रिसेप्टर, म्हणजे ते ज्याला जोडले जाऊन काम करते ते प्रथिन) नसलेल्या उंदरांना 2 टक्के कॅल्शियम, 1.25 टक्के फॉस्फरस आणि 20 टक्के लॅक्टोज असलेला आहार दिल्यास त्यांच्या रक्तातील कॅल्शियम सामान्य राहते आणि मुडदूस टळतो. अशा उंदरांच्या आतड्यातील पटलांचे मेद कोणी मोजले आहेत का? ते सामान्य निघाले, तर बदलाचे श्रेय ग्राहीपेक्षा कॅल्शियमकडे जाईल.

दुसरा विचार कॅको-2 पेशींचा, म्हणजे आतड्याच्या पेशींचा नमुना म्हणून प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा आहे. बाप्टा हे रसायन वापरून पेशीतील मोकळे कॅल्शियम बांधून ठेवावे आणि नंतर कॅल्सिट्रायॉल द्यावे. तरीही फॉस्फॅटिडिलकोलीन बदलले, तर परिणाम थेट मानता येईल. न बदलल्यास मात्र कॅल्शियमअभावी फॉस्फोलिपेजच बंद पडले असण्याची शक्यता उरते आणि निष्कर्ष अडतो. ही अडचण टाळता येईल असा नियंत्रण-प्रयोग (कंट्रोल) कोणी सुचवू शकेल का?