बाहेरचं केमिकल आत आलंय हे पेशीला कळतं कसं?

शेंगाचटणी: मी इथंच सोलापुरात एमएस्सी बायोकेमला आहे. हार्मोनचं समजतं, रिसेप्टरमधे आकार बसला की सिग्नल. पण ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, हळदीतलं कर्क्युमिन आणि तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ते टीबीएचक्यू, तिघांची रचना एकदम वेगळी, तरी तिघांनी एनक्यूओ१ आणि जीएसटी या घातक केमिकल निकामी करणाऱ्या एन्झाइमचे जीन चालू होतात. एकच स्विच या सगळ्यांना कसा काय ओळखतो? नोट्समधे नुसतं "एनआरएफ२ वाढतं" एवढंच आहे, एनआरएफ२ म्हणजे ते जीन चालू करणारं प्रोटीन.

बायोकेमवाला: आकार बघतच नाही तो, रिॲक्शन बघतो. कीप१ नावाचं प्रोटीन आहे, माणसात त्यावर २७ सिस्टीन, म्हणजे सल्फरवाली अमिनो आम्लं. एरवी हे कीप१ एनआरएफ२ला पकडून कल३ या जोडीदार प्रोटीनमार्फत युबिक्विटिन, म्हणजे 'मोडून टाका' अशी खूण, लावतं आणि प्रोटीएसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडायचं यंत्र, त्याचा चुरा करतं, म्हणून एनआरएफ२चं अर्धआयुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास. आता इलेक्ट्रोफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉनची ओढ असलेला रेणू, आत आला की सिस्टीनच्या सल्फरला जाऊन चिकटतो, बऱ्याच वेळा १५१ नंबरच्या, मग कीप१चं काम अडतं, नवीन बनलेलं एनआरएफ२ साठत जातं, न्यूक्लियसमधे शिरतं आणि छोट्या मॅफ प्रोटीनबरोबर जोडी करून डीएनएवर या जीनशेजारी असलेल्या एआरई नावाच्या जागेवर बसतं आणि जीन चालू करतं. तुझ्या तिघांत सारखं काय तर सल्फर शोधायची ओढ, टीबीएचक्यू तर आधी क्विनोन या इलेक्ट्रोफाइलमधे बदलतं आणि मग चिकटतं.

जुनालॅबवाला: याचा पुरावा भारी आहे. १९९७ मधे जपानात इतोह, यामामोतो यांच्या ग्रुपनं एनआरएफ२ नसलेल्या उंदरांना बीएचए (टीबीएचक्यूसारखंच खाण्यात घालायचं केमिकल) खायला घातलं तर जीएसटी, एनक्यूओ१ची वाढ जवळपास गायबच. कीप१ सापडलं १९९९ ला.

रंगखाना: आमचं टॉवेलचं डाईंग आहे एमआयडीसीत. म्हणजे केमिकल थोडंथोडं अंगात गेलं तर शरीर तयारच होतं म्हणायचं का?

बायोकेमवाला: नाही हो दादा, असं अजिबात धरू नका. ही एन्झाइम येईपर्यंत कित्येक तास जातात, तोवर ग्लुटाथायोन, म्हणजे असल्या केमिकलला पकडणारा पेशीतला रेणू, खर्च होत राहतं, डोस जास्त असला तर ते संपतं आणि पेशीच मरते. शिवाय स्विच सतत चालू राहणंही वाईट, फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमधे कीप१च बिघडलेलं असतं आणि तीच एन्झाइम गाठीला किमोपासून वाचवतात. कामगारांना हातमोजे, मास्क द्याच आणि शेडमधे हवा खेळती ठेवा.

शेंगाचटणी: आत्ता डोक्यात शिरलं! मग प्रोजेक्टला एनआरएफ२चा एमआरएनए (जीनची नक्कल) मोजू का?

बायोकेमवाला: तो फारसा हलत नाही, वाढतं ते प्रोटीन. एनआरएफ२चा वेस्टर्न (प्रोटीन मोजायची टेस्ट) लाव आणि एमआरएनए एनक्यूओ१चा बघ.