करडईच्या तेलात सोयाबीन मिसळून विकणाऱ्यावर केस कशी करायची?

सेलूकर:
परभणी-सेलूकडं ‘लाकडी घाण्याचं शुद्ध करडई तेल’ म्हणून लिटरच्या बाटल्या विकायला आहेत. लेबलवर अन्न परवान्याचा (FSSAI) १४ अंकी लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, तेल भरल्याची तारीख नाही, भरणाऱ्याचा पत्ताही नाही. सोयाबीन मिसळत असावेत. घरातली बाटली लॅबला दिली तर त्या रिपोर्टवर केस होते का? जेल होते का?

पंचनामा:
घरातली फोडलेली बाटली कामाची नाही. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४० खाली गिऱ्हाईक स्वतः तपासणी करून घेऊ शकतं, पण विकत घेतानाच दुकानदाराला ‘हे तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. फी आपण भरायची, दोष निघाला तर ती परत मिळते.

त्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडं (अन्न) लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अन्न सुरक्षा अधिकारी नोटीस देऊन, पैसे मोजून नमुना घेतो. त्याचे चार भाग: एक तपासणी करणाऱ्या सरकारी अन्न विश्लेषकाकडं, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरचा अधिकारी), चौथा दुकानदारानं मागितला तर त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त लॅबला. दोन्ही रिपोर्ट जुळले नाहीत तर रेफरल लॅबचा अंतिम.

बॅच नंबरच नसेल तर चार बाटल्या एकाच घाण्याच्या होत्या हे दाखवता येत नाही, आणि वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. दुकानात मागच्या बाजूला पिंप असेल तर चांगलं ढवळून, कोरड्या बाटल्यांत पिंपातलाच नमुना घ्यायला सांगा.

तेलबिया:
इथं एक मोठी गोम आहे. करडई तेलाचं आयोडीन मूल्य (तेल किती असंपृक्त आहे ते सांगणारा, तेल ओळखायचा आकडा) १३५ ते १४८, सोयाबीनचं १२० ते १४१. म्हणजे सोयाबीन बेतानं मिसळलं तर आकडा मर्यादेतच राहतो आणि तेल ‘पास’ होतं. पामोलिनचं ५४ ते ६२, ते थोडं मिसळलं तरी आकडा घसरतो. सरकीच्या तेलाला हॅल्फेन टेस्ट या रासायनिक चाचणीत लाल रंग येतो. सोयाबीन धरायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) फॅटी ॲसिड बघावे लागतात: सोयाबीनमध्ये लिनोलेनिक ॲसिड साधारण ५ ते ८ टक्के, करडईत नावालाच. तक्रारीतच ‘सोयाबीनचा संशय’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीच्या चाचण्यांवर भागवलं जाईल.

पंचनामा:
जेलचं म्हणाल तर निव्वळ सोयाबीन मिसळल्यावर ती होत नाही. तेल ‘कमी दर्जाचं’ ठरलं तर कलम ५१, दंड ५ लाखांपर्यंत. लेबलचा दोष कलम ५२, ३ लाखांपर्यंत. ही दोन्ही प्रकरणं कोर्टात नाही, दंड ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढं चालतात. तेल ‘असुरक्षित’ ठरलं, उदाहरणार्थ पिवळ्या धोतऱ्याचं विषारी तेल सापडलं, तरच कलम ५९ आणि फौजदारी खटला. त्याला आयुक्तांची मंजुरी लागते आणि मुदत गुन्ह्यापासून एक वर्ष, कारणं नोंदवून तीनपर्यंत.

सेलूकर:
दुकानदार म्हणतो, ‘मी फक्त विकतो, भरणारा दुसराच.’

तेलबिया:
तेल कोणाकडून आलं ते त्याला दाखवता आलं नाही तर कलम २७ प्रमाणं जबाबदारी त्याच्यावरच येते. चुकीच्या लेबलचा माल विकल्याचीही येते. त्याच्याकडं खरेदीचं बिल मागायचा मुद्दा तक्रारीत घाला, आणि तुमची पक्की पावती बाटलीच्या फोटोसह जोडा.