बालवाडीत वही-पेन्सिल हवी की नको?

शेवंती
माझं मत ठाम आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'अ' गिरवायला बसवू नये. बोटांत तेवढं बळ आलेलं नसतं. माती मळणं, मणी ओवणं, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगणं, हाच त्या वयाचा अभ्यास. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली.

हातावरचं_पोट
ताई, मी रिक्षा चालवतो. तुमच्याकडे आजी-आजोबा पुस्तक वाचून दाखवत असतील. आमच्याकडे पेपरसुद्धा येत नाही. माझ्या मुलीला अक्षर भेटणार ते बालवाडीतच. तिथंही नुसता खेळ झाला तर पहिलीत कोण थांबणार तिच्यासाठी? पहिल्याच महिन्यात धडे सुरू होतात. पोटाला चिमटा काढून फी भरतो ती लिहिणं-वाचणं यावं म्हणून.

शेवंती
दादा, बोर्डीजवळच्या कोसबाडला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासमोर वारली आदिवासींची मुलं होती. त्यांच्याही घरी पुस्तक नव्हतं. गुरं राखायला जाणाऱ्यांसाठी तर त्यांनी कुरणातच भरणारी कुरणशाळा काढली. खेळातून शिकवायची ही पद्धत आपल्याकडे रुजली तीच अशा मुलांमध्ये. आणि अक्षर दाखवूच नका, असं मी म्हणत नाही. स्वतःच्या नावाची चिठ्ठी ओळखू दे, 'क'चे शब्द शोधू दे. पानंच्या पानं भरून घेणं तेवढं थांबवा. रडत लिहिणारं मूल पुढे वहीच टाळतं, हे मी वर्गात पाहते.

पाड्यावरची_सेविका
तत्त्व मान्य. पण माझ्या एका खोलीत तीन ते सहा वयाची सगळी मुलं. शिवाय आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी. मुलाच्या कलानं घ्यायचं तर त्याच्याजवळ बसावं लागतं. मदतनीस आहार शिजवत असते, तेव्हा मी एकटीच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळातून. ते आधी पहिलीच्या वर्गात दिसू दे. पालक घाबरतात ते पहिलीला.

हातावरचं_पोट
सेविकाताई बरोबर बोलल्या. 'अक्षरं येत नसली तरी चालेल, आम्ही शिकवू,' असं पहिलीच्या बाईंनी तोंडी सांगितलं तरी मी त्याच दिवशी वही बंद करतो. तोवर नाही.