खुर्ची बिघडवते, की बिघडलेलाच खुर्चीपर्यंत पोचतो?

सातबारा: सत्ता आली की माणूस लबाड होतो, हे आपण फार सहज बोलून टाकतो. मला खरी अडचण परवानगीच्या सहीची वाटते. १९८१चं सिमेंट प्रकरण घ्या. सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिटशिवाय गोणी मिळत नव्हती. बिल्डरांनी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या दिल्या आणि त्यांना जादा सिमेंट मिळालं. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटची सांगड असल्याचा निकाल दिला, अंतुले पायउतार झाले. गोण्या दुकानात मुबलक असत्या तर देणगी द्यायला कोण गेलं असतं?

कोकणकडा: म्हणजे दोष गोणीचा! अहो, १९८९ला सिमेंट पूर्ण मोकळं झालं. सगळे धुतल्या तांदळासारखे झाले का? सही तेवढी जमिनीवर सरकली. कुलाब्यात घोटाळ्यात गाजलेल्या 'आदर्श' सोसायटीचे ३१ मजले काही सिमेंटच्या टंचाईतून उभे राहिले नाहीत.

आडवाटेचा: अंतुल्यांनीच १९८०मध्ये निराधार योजना आणली, हेही लिहा की. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आजही बँकेत 'निराधारचे आले का?' विचारतात. (बचाव करत नाहीये, दगड मारू नका.)

कोकणकडा: योजना चांगली म्हणून परमिट माफ?

हिशेबनीस: विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. ज्याने गावजेवण, गाड्या, बूथवरची पोरं एकदा जवळून पाहिलीत त्याला हे वाचून हसू येतं. पहिलं खोटं शपथेआधीच, खर्चाच्या हिशेबात लिहिलं जातं.

पाटलाची_पुतणी: माझे काका पाच वर्षं सरपंच होते. मुळात सरळ माणूस, विडीचंसुद्धा व्यसन नाही. निवडून आल्याच्या आठवड्यात ओट्यावर भेंडीची पिशवी आली. मग कोथिंबीर, मग गावठी अंडी. कोणी काही मागत नव्हतं. वर्षभराने घरकुलाची यादी आली, तेव्हा भेंडीवाल्याचं नाव वर होतं. काकांना आजही वाटतं, त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. आणि ते खरंच आहे!

सातबारा: मग भेंडी परत करायची होती ना.

पाटलाची_पुतणी: काकूनं केली होती एकदा. दुसऱ्या दिवशी तो दोन पिशव्या घेऊन दारात. म्हणे, "वहिनी, कमी पडली व्हय?"