गुडघ्यातली अक्कल आणि हातातलं पुस्तक

जॅबवाला ऐरोलीकर
काल इथे 'नौपाडाकर' यांनी लिहिलं की बॉक्सरांच्या आवडत्या पुस्तकांच्या याद्या म्हणजे मॅनेजरनं लिहून दिलेलं ढोंग, आणि रोज डोक्यावर ठोसे खाणाऱ्यानं वाचलं काय न वाचलं काय, सारखंच. खाली हसणाऱ्यांची ही रांग. रात्री दीडपर्यंत तळमळलो, म्हणून आता लिहितोच.

१९२६ साली जॅक डेम्प्सीशी लढायची तयारी चालू असताना एका बातमीदाराला जीन टनी सरावाच्या तळावर सॅम्युअल बटलरची कादंबरी वाचताना सापडला. पेपरवाल्यांनी तेच केलं जे तुम्ही काल केलंत, खिदळले. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला लाखाच्या वर माणसांसमोर टनीनं दहा फेऱ्या डेम्प्सीला नाचवलं आणि हेवीवेटचा किताब घेऊन गेला. पुढच्या वर्षी शिकागोत परत हरवलं. १९२८ मध्ये येल विद्यापीठात जाऊन पोरांपुढे शेक्सपिअरवर बोलला. बर्नार्ड शॉ त्याचा दोस्त. यात मॅनेजरचा काय फायदा झाला? लोकांना तो आखडू वाटायचा, टाळ्या डेम्प्सीलाच पडायच्या.

आता 'यांना वाचायला वेळ कुठला' हा तुमचा दुसरा मुद्दा. अहो, बॉक्सरइतका रिकामा वेळ कुणाला नसतो! मी संध्याकाळी पोरं शिकवतो, स्वतः बारा वर्षं खेळलोय. सकाळी धावायचं, संध्याकाळी बॅग आणि पॅड, मधला अख्खा दिवस पाय वर करून पडायचं. स्पर्धेत तर सकाळी सातला वजन द्यायचं आणि लढत दुपारी चारला, तीही तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. नऊ मिनिटांसाठी नऊ तास बाकावर. मोबाईल बघावा तर समोरच्याच्याच जुन्या लढती दिसतात आणि पोटात गोळा येतो. म्हणून माझ्या पिशवीत पट्ट्या, व्हॅसलीन आणि चार पुस्तकं असतात. कुणी जबरदस्ती करत नाही. कंटाळ्यानं वाचतात पोरं. तुम्हीही लहानपणी कंटाळ्यानंच वाचायला लागला असाल.

बँकेतल्या माणसानं दहा वर्षांत पुस्तक उघडलं नाही तरी कुणी विचारत नाही. आम्ही उघडलं की बातमी होते.

नौपाडाकर
मी बँकेतूनच निवृत्त झालोय, हे आपल्याला माहीत असावं. असो.

शंभर वर्षांपूर्वीचा एक टनी काढून दाखवलात. एका टनीनं उन्हाळा येत नाही. तुमचा टायसन घ्या. १९९२ ला तुरुंगात गेला, आत व्होल्तेअर, टॉलस्टॉय, माओ वाचला म्हणतात, दंडावर माओ गोंदवूनही घेतला. १९९५ ला सुटला आणि १९९७ ला भर लढतीत होलिफील्डचा कान चावला. वाचनसंस्कार!

मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जुना सभासद. १८९३ ची संस्था आहे ती. इतक्या वर्षांत पुस्तकांच्या रांगेत एकही बॉक्सर पाहिला नाही.

नेरूळची वाचनवेडी
काका, रांगेत उभा असलेला बॉक्सर ओळखायचा कसा? तो ग्लोव्ह्ज घालून येणार होता का?

आणि टायसनच्या एका दंडावरचा माओ दिसला, दुसऱ्या दंडावरचा टेनिसवाला आर्थर ॲश नाही दिसला? कान चावला म्हणून वाचन फुकट गेलं, हा हिशोब लावायचा तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी बारा दिवाळी अंक घेतात आणि पार्किंगवरून पायातली चप्पल काढतात. दिवाळी अंक बंद करायचे का?

कळवा स्लो
तुम्ही सगळे वाचनावर भांडताय. वाचनालय उघडं असतं कधी ते सांगा. आमच्याकडचं साडेसातला कुलूप. मी कळव्याला उतरतो आठ वीसला. रविवार बंद, त्यात दुपारी चहाची सुट्टी वेगळी. अ वर्ग असो नाहीतर ड वर्ग, अनुदान मिळालं की पाटी रंगवतात आणि पंख्याला हात लावत नाहीत. बॉक्सरचं सोडा, नोकरी करणाऱ्यानं वाचायचं कधी?

जॅबवाला ऐरोलीकर
कळवा स्लो, वेगळा धागा काढ बाबा.

नौपाडाकर
आमच्या संस्थेबद्दल बोलत असाल तर पुराव्यानिशी बोला.

कळवा स्लो
तुमच्या संस्थेबद्दल नाही बोललो काका. पण लागलं कसं बरोबर?

कोपरखैरण्याची आई
मी सहसा लिहीत नाही. पण 'डोक्यावर ठोसे' वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा बॉक्सर आहे, एकोणीस वर्षांचा. वाचता येत नाही असं नाही, पण अक्षरं नाचतात म्हणतो. तिसरीत बाईंनी वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं, तो अडखळला, पोरं हसली, बाईही हसल्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत तो आठवीत गेला. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, म्हणून सुटला. ठोसे खायला लागला तो त्याच्या किती नंतर, म्हणजे नौपाडाकर, ठोशांनी काही झालेलं नाही. शाळेनं झालंय.

मुहम्मद अलीचंही हेच होतं. शाळेतून बाहेर पडला तेव्हा ३९१ मुलांत ३७६ वा. १९६४ मध्ये सैन्याच्या लेखी परीक्षेत नापास झाला तेव्हा म्हणाला, मी स्वतःला श्रेष्ठ म्हटलं होतं, हुशार नाही. दोन वर्षांनी सैन्यानं पास व्हायची अटच खाली आणली आणि तोच माणूस लायक ठरला. माझ्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

आता तो कोपरखैरण्याहून ठाण्याला सरावाला जातो, तेव्हा ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये कानात पुस्तकं ऐकतो. या वर्षात अकरा झाली. माझी तीन.

नौपाडाकर
ताई, मुलाबद्दल वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. त्याला 'ऐकलं' म्हणा. शब्दांना अर्थ असतात.

नेरूळची वाचनवेडी
असतात ना! मराठीत विद्वान माणसाला काय म्हणतात? बहुश्रुत. ज्यानं पुष्कळ ऐकलंय तो. बहुपठित म्हणत नाहीत. नवविधा भक्तीतही पहिली श्रवणभक्ती. माझ्या आजीला सही करता येत नव्हती, अंगठा लावायची. ज्ञानेश्वरीच्या ओव्या मात्र अध्याय सांगून म्हणायची. ती काय अडाणी?

घोडबंदरग्रस्त
माफ करा, पण मी नौपाडाकरांच्या बाजूनं. मीही ऐकतो, कारण माजिवड्यापासून घरापर्यंत गाडीत सव्वा तास दुसरं करणार काय? काल एक कादंबरी लावली. पातलीपाड्याला डोळा लागला. कासारवडवलीला जागा झालो तर नायिकेचं लग्न झालेलं. पुस्तक हातातून पडलं की निदान कळतं तरी.

कळवा स्लो
गाडी चालवताना डोळा लागला??

घोडबंदरग्रस्त
गाडी चालायला हवी ना आधी. त्या रस्त्यावर कुणाची चालते?

नेरूळची वाचनवेडी
तुम्ही झोपलात हा पुस्तकाचा दोष की मेट्रोच्या खांबांचा?

नौपाडाकर
आजीचं उदाहरण भावनिक आहे. आजींनी ओव्या शेकडो वेळा ऐकल्या, म्हटल्या, चघळल्या. हे दीडपट वेगानं ऐकून अकरा पुस्तकं उरकणं वेगळं. समर्थ अखंड वाचायला सांगून गेलेत, कानात बोंडं घालायला नाही.

कोपरखैरण्याची आई
तो दीडपट वेगानं ऐकत नाही. आणि उरकत तर अजिबात नाही. एक प्रकरण आवडलं तर तुर्भ्यापर्यंत उगाच पुढे जातो आणि परतीची गाडी धरतो. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. बोंडं वगैरे शब्द वापरू नका.

नौपाडाकर
बोंडं मागे घेतो.

साऊथपॉ कोपरी
पिशवीवाल्या सरांकडेच शिकतो मी. सॉरी सर, पण मलाही ऐकायला जमत नाही. स्पारिंगनंतर, म्हणजे सरावाच्या लढतीनंतर, तासभर कानात आधीच शिट्टी वाजत असते, त्यात अजून कुणी बोललेलं नको. मला कागद लागतो.

आणि काकांना खरं सांगतो, आम्ही काही शेक्सपिअर वाचत नाही. जिल्हा स्पर्धेच्या आधी मला अडीच किलो उतरवायचे होते. चार दिवस काकडी आणि उकडलेलं अंडं. रात्री झोप नाही. घरात जे हाताला लागलं ते आईचं 'रुचिरा'. सगळं प्रमाण वाटी-चमच्यात, त्यामुळे डोळ्यासमोर वाटीच यायची. साबुदाणा वड्यापासून वाचायला लागलो, पुरणपोळीपर्यंत आलो. मधल्या पानावर हळदीचा डाग होता, त्याचा वास घेतला. लाज कसली. वजन बरोबर भरलं. लढत हरलो, ते सोडा.

आवडतं पुस्तक विचाराल तर तेच सांगीन.

जॅबवाला ऐरोलीकर
हे मला आज कळतंय.

नौपाडाकर
या संपूर्ण धाग्यातलं मला पटलेलं पहिलं उत्तर. निदान खरं तरी आहे.

स्टेथो ठाणे
सगळे गोड बोलताय म्हणून खडा टाकतो. नौपाडाकरांची भाषा वाईट, मुद्दा वाईट नाही. टनी येलला बोलला त्याच १९२८ मध्ये मार्टलंड नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं ठोसे खाऊन दारुड्यासारखे झोकांड्या खाणाऱ्या बॉक्सरांवर निबंध छापला. विस्मरण, थरथर, अडखळणारी वाचा. ज्या मेंदूनं वाचायचं त्याच्यावर हा खेळ घाव घालतो, आणि ते शेक्सपिअर वाचून भरून येत नाही. बॉक्सर क्लिट्स्को भाऊ दोघेही पीएचडी आहेत हे सांगायला कुणीतरी येईलच, म्हणून आधीच सांगतो, मला माहीत आहे.

जॅबवाला ऐरोलीकर
क्लिट्स्कोच लिहीत होतो, खोडलं.

डॉक्टर, हे मी नाकारत नाही. म्हणून माझ्याकडे हेडगार्डशिवाय स्पारिंग नाही.

स्टेथो ठाणे
हेडगार्डनं भुवई फुटत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. स्पारिंगच कमी करा.

जॅबवाला ऐरोलीकर
...आठवड्यातून दोनदाचं एकदा करतो. झालं?

स्टेथो ठाणे
आणि डोक्याला लागलेल्याला त्या संध्याकाळी रिंगमध्ये नाही, पुस्तक देऊनही नाही. डोळे मिटून पडू दे.

जॅबवाला ऐरोलीकर
बरं. पण नौपाडाकर, तुमचं म्हणणं मेंदूची काळजी हे नव्हतं. तुमचं म्हणणं होतं, पैलवानाची अक्कल गुडघ्यात. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. पुस्तकातलाच माणूस होता ना तो? त्यांनी नाही विचारलं, आधी काय वाचलंस सांग म्हणून.

नौपाडाकर
खर्डेकर सरांशी माझी तुलना करू नका, हरेन.

काल लिहिलं ते घाईत लिहिलं. माझा नातू दिवसभर त्या मारामारीच्या चित्रफिती बघतो, पुस्तकाला शिवत नाही, तो राग तुमच्यावर निघाला असेल. असेल म्हणतोय, आहे असं नाही. ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, यावर मात्र मी ठाम.

माळ्यावर वडिलांची बाबुराव अर्णाळकरांची दोन खोकी पडून आहेत. झुंजार, काळापहाड, सगळं. पानं पिवळी झालीत, पण सुटी नाहीत. सौ. रद्दीत घाला म्हणते. तुमच्या त्या पिशवीत चालत असतील तर रविवारी अकराच्या आत येऊन न्या. घामेजलेल्या कपड्यांत येऊ नका, जिना अरुंद आहे आणि शेजारी बोलतात.

जॅबवाला ऐरोलीकर
रविवारी नऊ ते साडेदहा सराव असतो. अकराच्या आत म्हणजे घामातच येणार.

साऊथपॉ कोपरी
सर, मी येतो खोकी उचलायला. कोपरीहून चालत पंधरा मिनिटं.

कोपरखैरण्याची आई
त्यातलं एखादं कुणी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून देईल का? माझ्याकडे फोन चांगला आहे, आवाज नाही.

नौपाडाकर
रविवारीच या. मी वाचतो. अकराच्या आत.